आजोबा वजा करून

"ज्याला प्रमाण धरलंय ना, त्यालाही अधूनमधून तपासून बघत जा गं," असं प्रॅक्टिकलच्या बाई तिला म्हणाल्या, तेव्हा ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तिला बसची घाई होती. समोर तराजू होता, तराजूत पितळी वजन होतं, वजनावर आकडा कोरलेला होता. आता कोरलेल्या आकड्यावरही विश्वास ठेवायचा नाही म्हटल्यावर माणसाने करायचं काय? तिने जर्नलमध्ये 'वजने तपासली, ठीक आहेत' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं, बाईंची सही घेतली आणि बस पकडली. त्या प्रयोगाला तिला दहापैकी नऊ गुण मिळाले. कापलेला एक गुण कशाचा, हे तिला सात वर्षांनी कळलं.

सात वर्षांनी तिला आठ महिन्यांची मुलगी होती. बारशाचं नाव कागदोपत्री होतं, घरात सगळे 'गठुडं' म्हणत. गठुडं हसरं होतं, वेळेवर झोपायचं, हाताला लागेल ते तोंडात घालायचं. तक्रारीला जागा नव्हती, आणि नेमकं हेच तिच्या काळजीचं मुख्य कारण होतं. काहीतरी नजरेतून सुटतंय, असं तिला सतत वाटायचं.

तिच्या काळजीला दवाखान्यात मान उरलेला नव्हता, हे आधीच सांगायला हवं. मागच्या महिन्यात गठुड्याचं अंग तिला कोमट लागलं होतं. घरात तीन थर्मामीटर आणि त्या तिघांची तीन मतं. ती तिन्ही थर्मामीटर कंपासपेटीत घालून लहान मुलांच्या डॉक्टरांकडे गेली आणि यातला खरा कुठला, असं तिने विचारलं.

"बाळाला ताप आहे का?" डॉक्टर म्हणाले.

"तेच तर विचारतेय."

डॉक्टरांनी गठुड्याच्या कपाळाला हात लावला, नाही म्हणाले, आणि पुढे शांतपणे म्हणाले, "पुढच्या वेळी नुसतं बाळ घेऊन या."

'नुसतं' हा शब्द तिला लागला. बाहेर बसलेल्या दोन आयांनी तो ऐकला होता, हे जास्त लागलं.

त्यामुळे या महिन्यात ती नुसतं बाळ घेऊन गेली. डॉक्टरांनी वजन केलं, सात किलो चारशे. कार्ड बघितलं. मागच्या महिन्यातही सात चारशे. "सर्दीमुळे अडलं असेल," ते म्हणाले. "तीन आठवड्यांनी बघू. नाहीच वाढलं तर रक्त वगैरे तपासावं लागेल. आणि हे बघा, घरी रोज वजन करत बसू नका."

त्याच दिवशी संध्याकाळी तिने वजनकाटा आणला.

काटा म्हणजे माणसाने वर उभं राहायचा, काचेचा, आकडे उजळणारा. दुकानदाराने खोक्यावरचा 'अचूक' हा शब्द बोटाने दाखवला होता. अडचण एवढीच, की गठुडं अजून उभं राहत नव्हतं आणि आडवं ठेवलं की लोळत होतं. लोळत्या बाळाचं वजन काट्याने अनुक्रमे तीन, अकरा आणि 'चूक' असं दाखवलं. मग तिच्यातली पदवीधर जागी झाली. मोठ्या माणसाने बाळाला घेऊन उभं राहायचं, मग एकट्याने उभं राहायचं, आणि वजाबाकी करायची. मोठा माणूस कोण, याचीही चर्चा करावी लागली नाही. गठुडं सकाळी फक्त आजोबांच्याच कडेवर शांत असायचं.

आजोबा, म्हणजे तिचे सासरे, वीज खात्यात मीटर वाचायला होते. छत्तीस वर्षं त्यांनी जिन्याखालचे, न्हाणीघरामागचे, कुत्र्याच्या साखळीपलीकडचे आकडे वाचले होते. "मीटर खोटं बोलत नाही, ग्राहक बोलतो," हे त्यांचं ठाम मत. आकडा वाचताना ते डोळा बरोबर आकड्याच्या समोर आणत, एक क्षण श्वास धरत आणि मगच उच्चार करत. काट्यावर उभं राहून खाली बघताना ते नीट जमेना, म्हणून त्यांनी बायकोला कागद-पेन्सिल घेऊन पायाशी बसवलं.

पहिला आकडा, आजोबा अधिक गठुडं, पंचाहत्तर पॉइंट आठ. दुसरा, नुसते आजोबा, अडुसष्ट पॉइंट चार.

"छे!" सासूबाई म्हणाल्या. "हे चौऱ्याहत्तर आहेत."

"कधीपासून?" तिने विचारलं.

"कधीपासून म्हणजे? कायमचे. रिटायर झाले तेव्हा खात्याच्या डॉक्टरांनी लिहून दिलंय. यांची मतं बदलत नाहीत आणि वजन बदलत नाही. तुझा काटा खोटा आहे सूनबाई, परत करून ये."

इथे ती फार हुशारीने वागली, आणि तेच नडलं. काटा साडेपाच किलो कमी दाखवतो, असं समजा, ती म्हणाली. दोन्ही वेळा तेवढाच कमी दाखवणार ना? मग वजाबाकीत दोष आपोआप उडून जातो! पंचाहत्तर आठ वजा अडुसष्ट चार, सात चार. डॉक्टरांच्या काट्याशी तंतोतंत. नवऱ्याने दाढीचा फेस पुसत "वा" म्हटलं. तिने कॅलेंडरच्या कोपऱ्यात लाल पेनाने लिहून ठेवलं: 'आजोबा = ६८.४ (प्रमाण)'. दर वेळी त्यांना दोनदा चढवायला नको. सासरे तर ताठ झाले. छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना बढती एकदाच मिळाली होती, ही दुसरी.

"त्यांना प्रमाण मानूनच संसार केला मी," सासूबाई म्हणाल्या. "मला काय नवीन सांगतेस!"

सातव्या दिवशी पंचाहत्तर पॉइंट चार. आजोबा वजा करून, गठुडं सात किलो.

तिने गठुड्याकडे बघितलं. गठुडं आजोबांच्या घड्याळाचा पट्टा चावत होतं. घड्याळ हल्ली मनगटावरून इतकं खाली घसरायचं, की चावायला सोयीचं पडत होतं.

"चारशे ग्रॅम कमी झालंय," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"कुठून कमी झालंय? मांड्या बघ त्याच्या!" सासूबाई म्हणाल्या.

"मांड्या हे माप नाही, आई."

डॉक्टरांना फोन करायचा, तर 'नुसतं बाळ' आडवं येत होतं. नवरा म्हणाला, "आधी काट्याची खात्री कर. नाहीतर कंपासपेटीसारखं व्हायचं." हे तो प्रेमाने म्हणाला, त्यामुळे भांडताही आलं नाही.

इतक्यात दारात इमारतीचे सेक्रेटरी उभे. ते पाण्याच्या टाकीबद्दल सांगायला आले होते, पण जमिनीवर काटा, काट्याभोवती कुटुंब आणि मध्ये बनियनमधला माणूस दिसल्यावर टाकी मागे पडली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि निदान केलं, "फरशी."

"काय झालं फरशीला?"

"उतार. काटा सपाट जागेवर लागतो, वहिनी. थांबा."

ते गवंडीकामातली पाणसळ घेऊन आले. नळीतला बुडबुडा बेडरूममध्ये डावीकडे पळाला, स्वयंपाकघरात उजवीकडे, आणि बैठकीच्या खोलीत तर दिसेनासाच झाला. सेक्रेटरींचा चेहरा गंभीर झाला. चार दिवसांत त्यांनी चारही मजल्यांचे बुडबुडे तपासले, बिल्डरला पत्र टाकलं आणि 'उतार उपसमिती' नेमली. गठुड्याच्या वजनावरून सुरू झालेली गोष्ट इमारतीच्या पायापर्यंत पोचली होती. गठुडं सोडून सगळ्यांची चौकशी चालू होती.

सपाट जागा सापडली ती एकच, दुसऱ्या मजल्यावरच्या जिन्याच्या चौकात. त्यामुळे बाराव्या दिवशी सकाळी सासरे बनियन-पायजम्यात, नातीला कडेवर घेऊन, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत काट्यावर उभे राहिले. पंचाहत्तर पॉइंट एक. आजोबा वजा करून, सहा किलो सातशे.

"आकडा नीट वाचला का?" सेक्रेटरींनी सहज विचारलं.

सासऱ्यांनी त्यांच्याकडे असं बघितलं, की सेक्रेटरी दोन पायऱ्या खाली गेले.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचा पैलवान वर आला. तो व्यायामशाळा चालवत होता, आणि शब्दांपेक्षा वजनांवर त्याचा भरवसा जास्त होता. "ताई, काटा तपासायचाय ना? माझे डंबेल घ्या. दहा-दहाचे. कंपनीचा आकडा आहे वर." दोन्ही डंबेल काट्यावर ठेवले. एकोणीस पॉइंट सहा.

पैलवानाने खाली वाकून आकडा पुन्हा वाचला.

"बघा, काटा कमी दाखवतोच!" सासूबाई म्हणाल्या.

"किंवा डंबेल कमी आहेत," सेक्रेटरी म्हणाले. हे म्हणायची काही गरज नव्हती.

"काय म्हणालात?" पैलवानाने डंबेल उचलले. "चार वर्षं उचलतोय मी हे. वीस किलो उचलतोय. सगळ्यांना सांगितलंय मी वीस!" त्याच्या आवाजातली जखम तिला ओळखीची वाटली. ती म्हणाली, दोष काट्याचाच असणार, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. पण मनात तिने हिशेब केला. विसाला चारशे ग्रॅम कमी, तर चौऱ्याहत्तरला दीड किलो कमी. इथे तर साडेपाच कमी येत होते. काहीतरी जुळत नव्हतं. काय जुळत नाही हे शोधायला डोकं ताळ्यावर लागतं, आणि तिच्या डोक्यात त्या वेळी 'सहा किलो सातशे' एवढंच वाजत होतं.

शिवाय घरात ठकठक चालू झाली. सासरे कमरेच्या पट्ट्याला नवं भोक पाडत होते. उंबऱ्यावर पट्टा, पट्ट्यावर खिळा, खिळ्यावर हातोडी.

"बाबा, आत्ता झोपलीय ती!"

"झालंच. चामडं ताणतं गं, हल्लीचं चामडं काही खरं नाही," असं म्हणून त्यांनी शेजारची पाण्याची बाटली उचलली, एका दमात संपवली आणि भरून आणायला आत गेले. तिला एवढंच दिसलं, की गठुडं दचकून जागं झालं.

चौदाव्या दिवशी सकाळी पुन्हा पंचाहत्तर पॉइंट एक आल्यावर, नवरा कामावर गेल्या गेल्या, तिने ठरवलं. काटा पिशवीत घातला, सासरे आणि गठुडं बरोबर घेतलं, आणि ती वजनमापे कार्यालयात गेली. काटा खोटा निघावा, एवढंच तिला हवं होतं. तसा सरकारी शिक्का मिळाला असता, तर ती आयुष्यभर तो कपाळावर लावून हिंडायला तयार होती.

खिडकीतल्या कारकुनाने फॉर्म दिला. 'दुकानाचे नाव' समोर तिने रेघ मारली. 'तोलला जाणारा माल' समोर पेन थांबलं. अर्ज सासऱ्यांच्या नावाने होता, म्हणून शेवटी तिने 'नात' असं लिहिलं.

कारकुनाने वाचलं. "नात म्हणजे?"

तिने गठुडं खिडकीपर्यंत उचलून दाखवलं.

"विक्रीसाठी आहे?"

"अहो, काय बोलताय!"

"बाई, रागवू नका. पडताळणी व्यापारी काट्याची होते. विकणार असाल तर होईल. विकणार नसाल तर हा घरगुती काटा, त्याला नियम नाही."

"म्हणजे बाळ विकायला काढलं तरच वजन बरोबर आहे की नाही ते कळणार?"

"मी असं म्हटलं नाही. फॉर्म म्हणतोय."

सासरे पुढे झाले. सरकारी खिडकी म्हणजे त्यांचं माहेर. "लिही गं, विक्रीसाठी. आपण द्यायचं नाही. भाव जमला नाही म्हणून सांगू."

या वादात गठुड्याने फॉर्मचा कोपरा खाल्ला. तो सरकारी कागद असल्यामुळे प्रकरण आत निरीक्षक बाईंकडे गेलं.

निरीक्षक बाई पन्नाशीच्या, चष्मा साखळीला अडकवलेला, टेबलावर काही म्हणजे काही नाही. त्यांनी अर्धा फॉर्म वाचला, गठुड्याच्या तोंडातून उरलेला काढला आणि विचारलं, "काळजी कसली आहे?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. फरशीबद्दल विचारलं होतं, चामड्याबद्दल, डंबेलबद्दल. तिने भराभरा सगळं सांगितलं. सांगताना नाक ओढलं, ते सर्दीमुळे असं वाटावं अशा बेताने.

"शिक्का देता यायचा नाही," बाई म्हणाल्या. "बघून द्यायला काय जातंय?"

कोपऱ्यात लोखंडी वजनं होती, वीस-वीस किलोची, प्रत्येकावर शिसं ओतून ठसा मारलेला. शिपायाने पहिलं काट्यावर ठेवलं. वीस पॉइंट शून्य. दुसरं. चाळीस पॉइंट शून्य. तिसरं. साठ पॉइंट शून्य.

"काटा चोख आहे," बाई म्हणाल्या. "दुकानांतसुद्धा असा मिळत नाही."

तिला आता रडू आवरेना. काटा चोख, म्हणजे आकडा खरा. आकडा खरा, म्हणजे चौदा दिवसांत तिच्या पोरीचं सातशे ग्रॅम वजन गेलं आणि ती मात्र बुडबुडे बघत बसली. पैलवानाचे डंबेल खरंच कमी होते, हाही विचार तेवढ्यात मनात येऊन गेला. अशा वेळी असले विचार का येतात कोण जाणे.

"रडू नका, थांबा जरा," बाई म्हणाल्या. "बाळ एकटं तर काट्यावर ठेवत नाही तुम्ही. मग वजा काय करता?"

"यांना." तिने सासऱ्यांकडे बोट दाखवलं. "हे प्रमाण आहेत. अडुसष्ट चार."

निरीक्षक बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवून प्रमाणाकडे नीट पाहिलं. प्रमाणाच्या सदऱ्याची कॉलर मानेपासून दोन बोटं सुटलेली होती.

"यांची फेरपडताळणी कधी झाली?"

"अं?"

"ही वजनं बघा. लोखंडाची आहेत, कुठे जात नाहीत, येत नाहीत, पाणी पीत नाहीत. तरी ठरल्या मुदतीला आम्ही ती वरच्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवतो. लोखंडसुद्धा झिजतं. यांना कधी तपासलंत?"

तिच्या कानात सात वर्षांपूर्वीची बस सुटली.

"रिटायर होताना," सासरे म्हणाले. "चौऱ्याहत्तर होतो."

"आणि चोख काट्यावर चौदा दिवसांपूर्वी अडुसष्ट चार?"

सासऱ्यांनी नकळत पँट वर ओढली.

"सदरा काढा, घड्याळ काढा, किल्ल्या काढा, पट्टा काढा," बाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी पट्टा काढला. त्याला कारखान्यातून आलेली पाच भोकं होती आणि उंबऱ्यावर पाडलेली तीन. पट्टा निघाल्याबरोबर पँटही निघू लागली, ती त्यांनी एका हाताने धरली आणि तशीच धरून काट्यावर चढले. या वेळी आकडा वाचायला सासूबाई पायाशी नव्हत्या. तीच वाचायला बसली. सदुसष्ट पॉइंट सात. पँटचे चारशे ग्रॅम तिने मनातल्या मनात काढले. सदुसष्ट तीन.

शिपायाने तोवर मोठा टांगता तराजू आणला. एका पारड्यात गठुडं ठेवलं, कपडे काढून. दुसऱ्यात पाच किलो, मग दोन, मग अर्धा, मग दोनशे, मग शंभर. काटा मध्ये येऊन थांबला. सात किलो आठशे. गठुड्याने पारड्याची साखळी धरून आरोळी ठोकली.

"चारशेने वाढलीय," बाई म्हणाल्या. "पोरगी उत्तम आहे. पोरगी वाढत होती आणि धरणारा त्याहून जास्त उतरत होता. तुम्ही हिशेब एकीच्याच नावावर घातलात."

तिने वजाबाकी केली. ती सवय जात नाही. चौऱ्याहत्तर वजा सदुसष्ट तीन, सहा किलो सातशे. गठुड्याचं म्हणून सगळी इमारत जे वजन धरून बसली होती, ते होतं हेच. बाबांच्या अंगातून एक अख्खं बाळ निघून गेलं होतं, त्याच घरात, तिच्या समोर, आणि ती त्यांना हातोडी हळू मारायला सांगत होती.

"बाबा, तुम्ही बोलला का नाहीत?"

सासरे पँट धरून खाली उतरले. "काय बोलायचं? तू लिहून ठेवलंस ना कॅलेंडरवर, अडुसष्ट चार. म्हटलं, असेल." मग म्हणाले, "तहान फार लागते हल्ली. बाकी काही नाही."

लहान मुलांच्या डॉक्टरांनी दार उघडलं तेव्हा ती गठुडं, सासरे आणि पट्टा घेऊन उभी होती.

"मी म्हटलं होतं, नुसतं बाळ–"

"बाळ ठीक आहे. सात आठशे, सरकारी तराजूवर. आज मी यांना आणलंय." तिने पट्टा टेबलावर पसरला आणि भोकं मोजून दाखवली. तहानेचंही सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी फोन उचलला आणि पलीकडच्या गल्लीतल्या मोठ्यांच्या डॉक्टरांना म्हणाले, "एक पेशंट पाठवतोय, आत्ताच्या आत्ता बघा." ठेवताना तिला म्हणाले, "बरं केलंत." या वेळीही बाहेर दोन आया बसल्या होत्या, आणि त्यांनी ऐकावं म्हणून तिने दार थोडं उघडं ठेवलं.

साखर निघाली, तीही चांगली वाढलेली. आणखी थोडे दिवस गेले असते तर अवघड होतं, असं मोठ्यांचे डॉक्टर म्हणाले. आता गोळ्या आहेत, सकाळचं चालणं आहे, बाटली पुन्हा एकच भरावी लागते. सासूबाई हल्ली काट्याला खोटा म्हणत नाहीत. त्या पहिल्या दिवशी पायाशी बसून आपण आपल्याच हाताने अडुसष्ट चार लिहिलं, एवढंच त्या मधूनमधून म्हणतात. उतार उपसमिती अजून भरते. पैलवान आपल्याला एकोणीस पॉइंट सहा उचलता येतं, असं सांगतो आणि त्यामुळे लोक त्याच्यावर जास्त विश्वास ठेवतात. कॅलेंडरवर 'प्रमाण' हा शब्द खोडून तिने दर रविवारचे दोन रकाने आखलेत. गठुडं आठ एकशे. आजोबा एकोणसत्तर.

आता तिची तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्याही घरात असं एक माणूस असेल, ज्याच्याबद्दल 'ते काय, आहेत तसेच आहेत' असं म्हणून तुम्ही बाकीच्यांचे हिशेब करत असाल. हे वाचून झालं की उठा, त्यांच्या खोलीत जा. वजनकाटा नसला तरी चालेल. पट्टा मागून घ्या, आणि भोकं मोजा.